कारवीची हर्बेरियम शीट्स: फुलण्याची जुनी वर्षं शोधायची आहेत

रानवही

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2024 च्या पावसाळ्यात कारवी हे झुडूप फुललं. त्याआधी 2016 मध्ये फुलली होती, त्याआधी 2008 मध्ये. म्हणजे मधली दोन्ही अंतरं आठ-आठ वर्षांची. पण लिहिणारे कुठे "दर सात वर्षांनी" लिहितात, कुठे "आठ", कुठे "सात ते आठ". अलीकडच्या बहरांचे फोटो ढिगाने सापडतात. त्यामागे जायचं तर पुरावा कशाचा?

माझ्या मते हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा. वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेली फांदी आणि उजव्या कोपऱ्यातलं लेबल. त्यावर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. इतर बहुतेक रानफुलांच्या बाबतीत अशा शीटवरून झाड कुठे होतं आणि कुठल्या महिन्यात फुलतं हे कळतं, वर्षाला तसं महत्त्व नसतं. कारवीचं वेगळं आहे. ती वर्षानुवर्षं नुसती पानांची वाढत राहते, मग एका पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. फुलाशिवाय फांदी सहसा कुणी दाबत नाही, कारण कारवीच्या प्रजातीत (जीनसमध्ये) फुलाविना जात ओळखणं जिकिरीचं. म्हणून कारवीच्या फुलाच्या शीटवरचं वर्ष म्हणजे त्या डोंगरावरच्या बहराची नोंद असण्याची शक्यता बरीच.

आता हिशोब बघा. 2024 पासून आठ-आठ वर्षं मागे गेलं की 2000, 1992, 1984, 1976, 1968, 1960, 1952, 1944, 1936 अशी वर्षं मिळतात. सात-सातने गेलं तर 2017, 2010, 2003, 1996, 1989, 1982, 1975, 1968, 1961, 1954, 1947, 1940, 1933. दोन्ही याद्यांत 1968 येतं, कारण सात आठे छप्पन्न. त्यामागे 1912 पुन्हा दोन्हीकडे. म्हणजे 1968 ची कितीही सुंदर शीट सापडली तरी सात की आठ याचा निकाल तिच्यावरून लागणार नाही. निकाल लावतील ती मधली वर्षं: 1936, 1940, 1944. तिथे दोन्ही हिशोब एकमेकांपासून सगळ्यात लांब गेलेले असतात.

हे सगळं फक्त साष्टीच्या, म्हणजे बोरिवलीच्या आसपासच्या डोंगरांपुरतं, कारण 2024 चा आधार तिथला आहे. बोरिवली, कान्हेरी, तुळशी, विहार, पवई, जुन्या लेबलांवर नुसतं "सालसेट" (साष्टीचंच इंग्रजी नाव) असंही असतं. ज्यांना हर्बेरियमच्या ऑनलाइन नोंदी चाळायची सवय आहे, त्यांनी हात लावावा ही विनंती. मी कामाला लागलेच आहे.

कातळसडा

उत्तम विषय. मी लगेच शोधून बघितलं, तर एक जुनी शीट निघाली. छापील लेबल, त्यावर ठिकाण म्हणून "मलबार, कोंकण, इत्यादी" आणि गोळा करणारे "स्टॉक्स, लॉ, इत्यादी". तारीख नाही. नकाशावरचा ठिपका चक्क अरबी समुद्रात. अशा नोंदीचं करायचं काय?

टिपकागद

कातळसडा, ते लेबल मी पुष्कळ पाहिलंय. हर्बेरियमच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते लेबल हूकर आणि थॉमसन यांच्या संग्रहाचं. जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन यांनी स्वतः गोळा केलेली आणि इतरांकडून मिळालेली हिंदुस्थानातली झाडं एकत्र लावली आणि त्यांचे जादा नमुने जगभरच्या संग्रहांना वाटले. वाटताना प्रत्येक शीटवर वेगळं लेबल लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून प्रदेशवार लेबलं छापून घेतली. "मलबार, कोंकण, इत्यादी" हे त्यातलंच एक. त्या दोन शब्दांत पश्चिम किनाऱ्याचा केवढा तरी पट्टा मावतो. जॉन एलर्टन स्टॉक्स हा मुंबई सरकारच्या सेवेतला डॉक्टर, 1854 मध्ये वारला. लॉ हा मुलकी अधिकारी. "इत्यादी" मध्ये आणखी कोण कोण, ते लेबल सांगत नाही. अशी शीट कारवीचं रूप, पानं, केस, फुलोरा अभ्यासायला उत्तम आहे. वर्षासाठी आणि ठिकाणासाठी मात्र ती बाजूला ठेवा. स्टॉक्सच्या मृत्यूचं साल हेच त्याच्या नमुन्याचं वर्ष समजून हिशोबात घालू नका. असं करणारे मी पाहिलेत.

समुद्रातला ठिपका हा अलीकडचा प्रकार. लेबलावर अक्षांश-रेखांश नसतात. नोंद संगणकावर चढवताना कुणीतरी "कोंकण" किंवा "बॉम्बे" चा मध्यबिंदू काढून टाकतो. आणि "बॉम्बे" म्हणजे मुंबई शहरच असं धरू नका. मुंबई इलाख्यात सिंध होता, गुजरात होता, धारवाड, बेळगाव, उत्तर कानडा होता. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची 1901 ते 1908 या काळात निघाली, ती याच सगळ्या मुलखाची. त्यात प्रत्येक जातीखाली ठिकाणं आणि गोळा करणाऱ्यांची नावं दिली आहेत. लेबल अर्धवट असेल तेव्हा कुक उघडून ताडून बघावं.

तारखांचं तर विचारू नका. एका शीटवर तीन-तीन तारखा असू शकतात: झाड तोडलं ती, शीट संग्रहात दाखल झाली ती, आणि पुढे कुणी तज्ज्ञाने नाव तपासून चिठ्ठी लावली ती. आपल्याला पहिलीच हवी. महिना रोमन आकड्यांत लिहायची जुनी पद्धत आहे, तिथे नऊ आणि अकरा यांत गल्लत होते. म्हणून यादीतली तारीख डोळे मिटून उतरवून घेऊ नका. शीटचा फोटो उपलब्ध असेल तर तो मोठा करून लेबल स्वतः वाचा.

अनुस्वार

तारखांवरून एक तांत्रिक गोष्ट. जीबीआयएफवरून (जगभरच्या संग्रहांच्या नोंदी एकत्र दाखवणारं संकेतस्थळ) नोंदी उतरवल्यात तर 1 जानेवारी या तारखेकडे संशयाने बघा. फक्त वर्ष माहीत असलं की काही संगणकप्रणाली महिना आणि दिवस आपोआप 1 जानेवारी भरतात. कारवी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतची. जानेवारीत फुलांचा नमुना दिसला तर बहुधा हेच झालंय. वर्ष मात्र त्यातही खरं असू शकतं, त्यामुळे नोंद फेकून देऊ नका, वेगळी ठेवा.

शोधताना "जतन केलेला नमुना" एवढाच गाळणा लावा, नाहीतर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरचे अलीकडचे फोटो शेकड्याने येतील आणि सगळा आलेख 2016 आणि 2024 वर चढून बसेल.

मेघना_प

नावांचं कुणीच बोललं नाही अजून, म्हणून मी बोलते. कारवी या नावाने शोधून ऑनलाइन संग्रहात फारसं काही हाती लागत नाही, शास्त्रीय नावानेच शोधावं लागतं. आणि ते एक नाही. वनस्पतीशास्त्रज्ञ नीस यांनी 1832 मध्ये स्ट्रोबिलँथस कॅलोसस असं वर्णन केलं. त्याचंच लिंगरूप बदलून कॅलोसा. 1944 मध्ये ब्रेमेकाम्प यांनी या मोठ्या प्रजातीचे पुष्कळ तुकडे केले, तेव्हा ती कार्व्हिया कॅलोसा झाली. आता अभ्यासक पुन्हा स्ट्रोबिलँथस या एकाच प्रजातीकडे वळलेत, पण कपाटातल्या फोल्डरवर ज्या काळात जे नाव चाललं तेच राहिलेलं असतं. तिन्ही नावांनी शोधा.

दुसरं, शीटवर कारवी लिहिलंय म्हणजे ती कारवीच असं नाही. टोपली कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथस सेसिलिस, ती सड्यांवर वाढते, उपड्या टोपलीसारखी गोल झुडपं होतात, आणि पानांना देठ जवळजवळ नसतोच. कारवीची पानं मोठी, देठाची, दातेरी कडांची, आणि फुलोऱ्यावर चिकट ग्रंथींचे केस. वायटी म्हणजे स्ट्रोबिलँथस इक्सिओसेफाला, तिचा चिकट गोंडा तर वेगळाच कळतो. जिवंत झाडं शेजारी-शेजारी बघितली तर शंका राहत नाही. वाळलेल्या शीटवर मात्र निळाजांभळा रंग तपकिरी होतो, फुलं गळून पाकिटात गेलेली असतात, आणि झुडूप केवढं होतं हे लेबलावर लिहिलं नसेल तर कळायला मार्ग नाही. पानाचा देठ आणि फुलोरा हे दोन भाग फोटोत नीट दिसत असतील तरच ती शीट मोजावी असं मला वाटतं.

दगडफूल

मला एका गोष्टीची काळजी वाटते आणि ती स्पष्ट मांडतो. शीट आहे म्हणजे बहर होता, हे मान्य. पण शीट नाही म्हणजे बहर नव्हता, हे कुठून आणणार? गोळा करणारे लोक सगळीकडे सारखे फिरलेले नाहीत. खंडाळा बघा. बोरघाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली, मुंबईहून जाणं सोपं झालं, राहायची सोय होती. त्यामुळे खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर इथली शीट्स भरपूर आणि पलीकडच्या दरीतली नावालाही नाहीत. फादर सांतापाव यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक 1953 मध्ये आलं, त्यासाठी त्यांनी तो परिसर पिंजून काढला होता. पण एखादा अभ्यासक वारला, बदलून गेला, दुसऱ्या विषयाकडे वळला की तिथली नोंद एकदम थांबते. वनस्पतीशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर 1934 मध्ये वारले. अशा तुटीला झाडाचं मौन समजू नये.

आणि दुसरं टोक: सगळा डोंगर शांत असताना चार झुडपं चुकार फुलतातच. वनस्पतीशास्त्रज्ञाला तेवढी पुरतात, किंबहुना अवेळी फुललेली म्हणून तो ती मुद्दाम तोडतो. एका शीटवरून 1940 ला बहर होता असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

रानवही

दगडफूल, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत आणि दोन्हींवर थोडाफार इलाज आहे.

शीट नसण्याबद्दल: त्या वर्षी त्या ठिकाणी माणूस होता का, हे इतर झाडांवरून कळतं. समजा एखादा संग्राहक एका सप्टेंबरात कान्हेरीला होता, त्याने तिथून तेरडे, सोनकी, गवतं, ऑर्किड अशी कितीतरी शीट्स केली आणि कारवीची एकही नाही. निळाजांभळा डोंगर समोर असताना त्याने ती सोडली असेल? शक्यता कमी. म्हणजे ते मौन अर्थपूर्ण. पण त्या वर्षी तिथून कुठल्याच झाडाची शीट नसेल तर ते वर्ष कोरं, त्याबद्दल काहीच बोलायचं नाही. म्हणून यादीत तीन रकाने करतेय: फुललेली सापडली, माणूस होता पण कारवी नाही, आणि माणूसच नव्हता.

चुकार फुलांबद्दल: एकाच वर्षी दोन-तीन वेगवेगळ्या संग्राहकांच्या शीट्स जवळजवळच्या ठिकाणांहून मिळाल्या तरच बहर म्हणायचं. आणि लेबलावरची शेऱ्याची ओळ वाचायची. "सर्व उतार फुलले आहेत" अशा अर्थाचं एक वाक्य कुणी लिहून ठेवलं असेल तर ते शंभर सुट्या शीट्सपेक्षा मोलाचं. यादीत उतरवताना हे शेरे बहुतेक वेळा गाळले जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पावसात उभं राहून ज्याने ते लिहिलं त्याला पुढच्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं.

टिपकागद

दोन-तीन संग्राहकांची अट योग्य आहे, पण ते खरंच वेगळे आहेत ना ते बघा. एकाच फांदीचे चार तुकडे चार ठिकाणी जातात. एक मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, एक पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे, एक हावड्याच्या केंद्रीय हर्बेरियमला, एक इंग्लंडात क्यू इथल्या वनस्पती उद्यानाला. ऑनलाइन यादीत त्या चार नोंदी दिसतात. संग्राहकाचं नाव, त्याचा क्रमांक आणि तारीख हे तिन्ही जुळलं तर ती एकच नोंद धरा. कधी कधी एका संग्रहातल्या प्रतीवर ठिकाण पूर्ण असतं आणि दुसऱ्यावर अर्धवट. तेव्हा या प्रती एकमेकींची उणीव भरून काढतात, म्हणून सगळ्या बघाव्या.

आणि हेही लक्षात असू द्या की आपल्याकडच्या शीट्सचा मोठा भाग अजून ऑनलाइन आलेला नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम आहे, क्यूची बरीच शीट्स दिसतात. पण कॉलेजा-विद्यापीठांतल्या कपाटांत जे आहे ते प्रत्यक्ष जाऊनच बघावं लागेल. रीतसर पत्र लिहून परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी बघू देतात. जुनी शीट हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. किडीपासून वाचवायला पूर्वी शीटला मर्क्युरिक क्लोराइड लावत, आणि ते विष कागदात वर्षानुवर्षं टिकतं.

घाटपायथा

माझं गाव घाटाखाली. शीट वगैरे मला माहीत नाही, पण आमच्याकडे कुडाच्या भिंतींना कारवीच्याच काठ्या, वर शेणमातीचा लेप. कारवी फुलून मेली की त्या सालानंतर काठी मिळायची पंचाईत, म्हणून जुनी माणसं साल लक्षात ठेवतात. मधाचंही तसंच. शीटवरचं वर्ष आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेलं वर्ष जुळतं का, हे ताडून बघता येईल ना?

रानवही

घाटपायथा दादा, जरूर येईल, आणि तुमच्याकडची माहिती मला हवीच आहे. फक्त गावाच्या वरचा नेमका कुठला डोंगर तेही विचारून घ्या. साल थेट आठवत नसेल तर त्या वर्षी दुसरं काय घडलं होतं ते विचारा, त्यावरून पक्कं करता येतं.

सह्यसखा

महाबळेश्वरची कारवी आणि बोरिवलीची कारवी एकाच वर्षी फुलते असं गृहीत धरून लोक बिनदिक्कत सगळ्या तारखा एकाच ओळीत मांडतात. ते करू नका. डोंगराडोंगराचं वेळापत्रक वेगळं असतं, कधी एकाच रांगेच्या दोन उतारांचंही. खंडाळ्याच्या तारखा बोरिवलीच्या 2024 ला जोडल्या तर सात काय आणि आठ काय, काहीही सिद्ध करता येईल.

दगडफूल

अगदी बरोबर. म्हणून खंडाळ्याची शीट्स जास्त असली तरी त्यांना खंडाळ्याचाच अलीकडचा बहर आधाराला हवा. तिथल्या अलीकडच्या बहराचे तारखेसकट फोटो कुणाकडे असतील तर इथे वर्ष टाका. फोटो कुठल्या वळणावरून काढला तेही लिहा.

पाऊसवेळ

एक विचारू का? पुढच्या बहरात मी स्वतः शीट करायची म्हटलं तर जमेल? वाळवायचं कसं, तेवढं सांगाल का काका?

टिपकागद

आधी परवानगी. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात पानही तोडायचं नाही, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. बाहेरच्या वनजमिनीवरही वनखात्याला विचारूनच. शक्यतो एखाद्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागाबरोबर करा, म्हणजे शीट शेवटी सांभाळणाऱ्या जागी पोहोचेल. घरच्या कपाटातली शीट कसर खाते.

वाळवण्याबद्दल: कारवी फुलते ती नेमकी दमट दिवसांत, आणि फुलोरा चिकट. तो टिपकागदाला धरतो आणि कागद बदलताना फुलं तुटून येतात. म्हणून फुलोऱ्यावर मेणकागदाचा तुकडा ठेवा. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, शक्य तर दोनदा. प्रेस (झाड दाबायची चौकट) मंद उबेजवळ ठेवा, नाहीतर बुरशी हमखास. एक पान उलटं दाबा, म्हणजे खालची बाजू दिसते. फुलाचा रंग, झुडपाची उंची, उतार कुठल्या दिशेचा, वर झाडोरा होता की उघडं होतं, हे झाडापाशी उभं असतानाच वहीत लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेलं लेबल मला कधीच पटलेलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आजूबाजूचं किती फुललंय ते लिहा. एकटं झुडूप, थोडी झुडपं की सगळा उतार. दगडफूलची शंका पुढच्या माणसाला येऊ नये एवढ्यासाठी.

मेघना_प

शीट करता आली नाही तरी फोटो नीट काढा. अख्खं झुडूप, पानाचा देठ, पानाची खालची बाजू, फुलोरा जवळून, आणि उतार लांबून. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर तारीख-ठिकाणासह टाका. फोटोवरून केस आणि ग्रंथी भिंगाखाली बघता येत नाहीत, म्हणून शीटची जागा तो घेणार नाही, पण वर्षाची नोंद पक्की होते.

अनुस्वार

न फुललेल्या वर्षांचेही फोटो टाका हो. 2025 चा, 2026 चा, नुसत्या पानांचा. जुन्या संग्राहकांनी नेमकं हेच केलं नाही, म्हणून आपण आज त्यांच्या इतर शीट्सवरून अंदाज बांधत बसलोय. बोरिवलीत 2024 ला फुललेली झुडपं वाळली, उन्हाळ्यात बोंडं तडकली, पुढच्या पावसात रोपं उगवली. त्या रोपांचं वय आपल्याला आत्ता माहीत आहे. ही संधी 2032 पर्यंत पुन्हा मिळणार नाही, किंवा सातवाले बरोबर असतील तर 2031 पर्यंत.

रानवही

मग कामं वाटून घेऊ. साष्टीची सगळी ठिकाणं मी बघतेय, 1930 ते 1950 आधी, कारण निकाल तिथेच आहे. अनुस्वार, जीबीआयएफची यादी उतरवून एकाच शीटच्या प्रती एकत्र करण्याचं तुम्ही घ्याल का? मेघनाताई, ज्या शीट्सचे फोटो आहेत त्यांची ओळख तुम्ही तपासा. लेबल वाचता येत नसेल तर फोटो इथे डकवा, टिपकागद काका आहेत. आणि ज्या शीट्स आपण गाळतो त्या का गाळल्या, ते यादीत शेवटच्या रकान्यात लिहू. "मलबार, कोंकण, इत्यादी" वालीसुद्धा.

सह्यसखा

खंडाळ्याची वेगळी यादी मी करतो. ब्लॅटर हर्बेरियमला पत्र लिहितोय. परवानगी आली की सांतापावांच्या काळातल्या शीट्सची लेबलं शेऱ्यांसकट जशीच्या तशी उतरवून इथे टाकेन.

घाटपायथा

मी रविवारी आमच्या वरच्या वाडीत जातोय. दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांनी हयातभर कारवी तोडलीये. साल आणि डोंगर दोन्ही विचारून येतो.